लारीचं आवतण

त्या वर्षी पोळ्याच्या आधी आमच्या घरात एकच विषय होता. अंगणात कितीक पावसाळे उभी राहिलेली लारी दुरुस्त करायची, का मोडीत काढून दुसरी आणायची. लढाई संपली होती. फौजेच्या जुन्या मोटारी लिलावात निघाल्या होत्या आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ओळखीतले दोघे-तिघे एकेक घेऊनही आले होते. दसरा झाला की कापूस वेचायला येणार. गावाचा कापूस शेगावच्या जिनात नेऊन टाकायचा, हा आमच्या घरचा धंदा. गाडी नाही तर धंदा नाही, इतकी साधी गोष्ट.

साधी ती दुसऱ्यांना. लारी ह्यांची होती. ह्यांची म्हणजे माझ्या नवऱ्याची. नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता म्हातारपणी घेऊन काय उजेड पाडणार? हे लढाईवर गेले ते बर्म्यात बेपत्ता झाले. मेले असं सरकारनं कधी लिहिलं नाही, जिवंत आहेत असंही नाही. माझ्या मनानं हिशेब केला होता की लारी दारात आहे तोवर लारीवाला येणार. ती दारातून गेली की सगळं गाव माझ्या कपाळाकडं बघणार. म्हणून मला ती दुरुस्त व्हायला हवी होती. बाकी कापूस, धंदा, दसरा गेलं चुलीत.

माझं माहेर रोहिणखेडचं. तिथं पाणी गोड. लग्न होऊन आले ती संग्रामपूरच्या खाली, पूर्णेच्या अंगाच्या गावात. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकून टाकावं असं. साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे, महिन्याभरात माझे केस अंबाडीच्या दोरासारखे झाले. प्यायचं आणि डाळीचं पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून डोक्यावरून आणायचं, जाऊन-येऊन कोसभर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली, ती दुपारपर्यंत शिजली नाही. आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, पंक्तीत सगळ्यांसमोर विचारलं, "काव, रोहिणखेडात गोटे खाता का तुमी?" मी तोंडाची फटकळ, पण हळद अजून अंगावर होती. गिळलं.

हे तेव्हा पाटावर जेवत होते. मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी लारी घेऊन नदीवर गेले आणि दोन पिंपं भरून गोड पाणी घेऊन आले. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "गाडी धुवाले गेलो होतो. येता येता आनलं."

त्या दिवसापासून लारी फारच मळायला लागली. उघडीप असली की दर तिसऱ्या दिवशी नदी. पाण्यात चाकं बुडेपर्यंत उभी करायची, चोळून चोळून धुवायची, आणि येताना पिंपं भरायची. आमच्या घरचं भागून गल्लीला पाणी उरे. बायका मला चिडवत, "तुह्या वरणापायी लारीले सर्दी होईन एक दिवस!" मी लाजून पदर तोंडात धरायची. मला पक्कं माहीत होतं की धुणं हा नुसता बहाणा आहे. आईपुढं बायकोसाठी पाणी कसं आणायचं, म्हणून लारीची आंघोळ. इतकं गोड वाटायचं ते मला. त्याच गोडव्यानं पुढं घात केला, म्हणून हे इतकं सांगितलं.

लारी काही मोठी नव्हती. पुढं दोघांना बसायची जागा, मागं उघडा हौदा. मामाजींनी ती खामगावाहून कोणाची तरी वापरलेली आणली होती. हौदा आमच्या गावच्या सुतारानं सागाच्या फळ्यांचा केला होता आणि हिरवा रंग ह्यांनी स्वतः दिला होता, अंगणात बसून, अर्धा पत्र्यावर आणि अर्धा धोतरावर. जीव होता त्यांचा तिच्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." बैलांचं झालं की हे वाटीतलं उरलेलं हळद-तूप घेऊन लारीकडं यायचे. पुढच्या चाकावरचा पत्रा तोच तिचा खांदा म्हणायचा, तो मळायचा, आणि तिलाही आवतण द्यायचं. मामाजी म्हणत, "काय पोरखेळ लावला बे?" तर हे म्हणत, "ओझं कोन ओढते बाबा? बैल का हे?" दुसऱ्या दिवशी बैलांना पुरणपोळी, तशी लारीपुढं पण पान वाढायचं. ते पान हेच उचलायचे, लारीत चढून बसायचे आणि जेवायचे. "तिनं मले सांगतलं, तू जेव म्हने." वर आत्याबाईंकडून तूप मागून घ्यायचे, एकदा नाही, तीनदा.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं, टायर तर डोळ्यांनाही दिसेना. लारी उभी राहिली. हातात स्टेरिंग नसलं की ह्यांना घरात करमेना. बाजाराच्या दिवशी फौजेचा माणूस आला होता, मोटार चालवणारे पाहिजेत म्हणाला. ह्यांनी मोटार चालवून दाखवली आणि दुसऱ्या आठवड्यात कागद आला. मी रात्रंदिवस भांडले. आवाज न काढता भांडता येतं, सून झालेल्या बाईला विचारा. भांडी आपटली, दोन दिवस जेवले नाही. हे नुसते हसले. "मोटारच चालवायची हाय, बंदूक थोडीच मारायची हाय?"

निघायच्या दिवशी मामाजी आणि आत्याबाई ओट्यावर उभे. मोठ्यांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलायची रीत नव्हती. मी दाराआड. ह्यांनी पाया पडून झाल्यावर कोणाकडंच न बघता, गोठ्याच्या खांबाकडं तोंड करून म्हटलं, "गाडी धूत जाय म्हना. माती धरली का पत्रा सडते." झालं. माझ्यासाठी एवढेच शब्द. सोन्याचा दागिना दिला असता तर मी तो इतका जपला नसता.

लारी नदीवर नेणार कोण? मला काय चालवता येत होती? अंगणात आमची विहीर होती. दर सोमवारी मी पदर खोचून दहा-बारा बादल्या उपसायची, जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं लारी धुवायची. खालून, चाकांच्या मागून, कमानीच्या पाट्यांच्या फटीतून, जिथं म्हणून माती बसते तिथून. आत्याबाई म्हणत, "जनावराले पानी नाई अन् हिची लोखंडाची आंघोळ!" मी म्हणायची, मनात, जनावराला तुम्ही पाजा. वाळली की पत्र्यावर पांढरे डाग उठत. मला वाटायचं धूळच राहिली. परत दोन बादल्या.

ह्यांची पत्रं मामाजींच्या नावानं येत. मामाजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत. शेवटची ओळ नेहमी एकच असे, "गाडीची निगा ठेवावी." लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसं ते बापाला लिहिलेलं मला होतं, हे मामाजींनाही कळत असावं. ती ओळ ते जरा हळू वाचत आणि दाराकडं बघत.

आणि मग एक दिवस सरकारी कागद आला. बेपत्ता. मामाजींनी तो वाचला नाही, घडी करून टोपीत ठेवला. आत्याबाईंनी हंबरडा फोडला. मी रडले नाही. उठले, बादली घेतली आणि विहिरीवर गेले. सोमवार नव्हता.

त्यानंतर मी रोज लारी धुवायला लागले. रंगाला फुगे आले, ते फुटले, खालून तांबडं दिसायला लागलं. मला वाटलं, उभं राहून राहून आलं असेल. माणूसही बसून राहिला की गुडघे धरतात. मी आणखी जोरानं चोळायची. मामाजी ओट्यावर बिडी ओढत बघत बसत. कागदाच्या आधी एकदा ते उठून विहिरीपर्यंत आले होते. बादलीच्या दोराला हात लावला, खाकरले, आणि परत गेले. सासरा सुनेशी बोलत नसे, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

तर दुरुस्ती की दुसरी? आत्याबाई आणि मी जन्मात पहिल्यांदा एका बाजूला होतो. आत्याबाई म्हणत, "लेक येईन अन् गाडी कुटं हाय म्हनून इचारीन, तवा काय तोंड दाखवू?" मी मान हलवायची. त्या आठवड्यात आत्याबाईंनी मला दोनदा स्वतःहून चहा दिला. मामाजी दोघींचं ऐकून घेत. शेवटी म्हणाले, "उस्तादाले बोलावतो. तो म्हनीन ते."

उस्ताद म्हणजे शेगावचे म्हातारे मिस्त्री, ह्यांना मोटार शिकवलेले. पावसाळ्याचे दिवस, काळी माती गुडघ्यापर्यंत धरत होती. बिचारे जोडे हातात घेऊन, लुंगी वर खोचून आले. आल्या आल्या पाय धुवायला मी पाणी दिलं, ते त्यांनी तोंडालाही लावलं आणि पचकन थुंकले. मग लारीखाली शिरले. बराच वेळ नुसती खटखट ऐकू येत होती. मी दाराआड उभी. बाहेर आले तेव्हा हातात तांबडा भुगा होता. पेचकस घेऊन त्यांनी पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, त्या खांद्यावर, जरासा टेकवला. पापड मोडावा तसा आत गेला.

"हे कशानं धुतलं?" त्यांनी विचारलं.

"पान्यानं. आनखी कशानं धुतात?" आत्याबाई म्हणाल्या.

"कोनत्या पान्यानं?"

"हे काय, हिरीच्या."

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. "या अल्ला! अहो बाई, त्या पोराले मी पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं का कुएं का पानी गाडीले लावू नको. खारं पानी लोखंडाले खाते. म्हनून तर तो नदीवर जाये ना!"

मी दाराची चौकट धरली. म्हणून तर तो नदीवर जाये. माझ्या वरणासाठी नाही? दोन्हींसाठी असेल. आता मला वाटतं दोन्हींसाठीच. पण त्या घडीला माझ्या पायाखालचं सगळं सरकलं. ज्या बहाण्यावर मी इतकी वर्षं मनातल्या मनात लाजले, तो बहाणा नव्हताच. आणि मी दर सोमवारी, मग रोज, चाकामागून, फटीफटीतून, त्यांच्या गाडीला मीठ चोळत होते.

मिस्त्री मामाजींना सांगत होते. इंजन चांगलं आहे, चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गेली. नवा पत्रा ठोकून, रंग मारून उभी करून देतो. दारात शोभेल. चार पावलं चालेलही. "पन ओझं भरू नका. भरली गाडी एक दिवस मधातून मोडीन अन् आतल्या मानसाले घेऊन जाईन."

"उभी करा," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "ओझं नाई ओढलं तं नाई ओढलं. लेकाची हाय ते."

मामाजी म्हणाले, "पोळा झाल्यावर सांगतो."

मिस्त्री गेले. मी मागच्या दारी गेले आणि बादली उचलून भिंतीवर फेकली. काय सांगू किती राग आला होता! ह्यांचा आला. "गाडी धूत जाय म्हना" म्हणालात, तर "नदीच्या पान्यानं" हे दोन शब्द जास्त बोलले असते तर तोंड झिजलं असतं का तुमचं? मग माझा स्वतःचाच आला. डोळे काय गहाण टाकले होते? फेकलेली बादली तिथंच पडली होती, तिचं बूड चाळणीसारखं झालेलं. वर्षाला एक बादली त्या घरात जात होती. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादली टिकत नाही, आणि मला वाटत होतं लारीला तेवढं ते पाणी बाधत नाही, कारण मी ते प्रेमानं ओततेय. आणि मग एक वेगळाच राग आला. मी रोहिणखेडची. पण हे बाकीचे? मामाजींचा जन्म ह्या पाण्यात गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, मामाजींनी बैलांचे खांदे मळले. आवतण दिलं. मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून निघाले तर ते लारीपाशी उभे. हातात हळद-तुपाची वाटी. हे गेल्यापासून लारीचा खांदा कोणी मळला नव्हता. मळावं की नाही अशा विचारात ते उभे होते. मी पाटी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याशी सरळ बोलले.

"मामाजी, तुमाले ठाऊक होतं?"

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "हाव," म्हणाले.

"मंग सांगतलं काऊन नाई मले?"

ते वाटीत बघत म्हणाले, "सांगनार होतो. एक दिवस हिरीपावतर आलोबी होतो. सुनेशी कसं बोलावं म्हनून परतलो. मंग कागद आला." त्यांनी वाटी दुसऱ्या हातात घेतली. "तू भिताडाकडं पाहून बसून राहे. जेवे नाई, बोले नाई. आमाले वाटलं हे पोरगी पन जाते हातची. फक्त गाडी धुवाले उठे. धुवून आली का दोन घास खाये. मी म्हटलं, धुवू द्या. गाडी काय, दुसरी येते."

ह्या माणसानं स्वतःच्या लेकाची गाडी, ज्या गाडीवर घर चालायचं ती गाडी, रोज बादली-बादलीनं सडताना ओट्यावरून पाहिली होती. मी दोन घास खावेत म्हणून. आणि मी त्यांना बिडी ओढत बसलेला म्हातारा समजत होते.

"तू म्हनशीन तसं करू," ते म्हणाले. "उभी करून ठेवाची असन तं ठेवू. धंद्याचं पाहू पुढं."

मी लारीकडं बघितलं. खांद्याला पेचकसाचं भोक. नवा पत्रा ठोकला असता, हिरवा रंग मारला असता, आणि आतून ती तशीच राहिली असती. कोणीतरी एक दिवस चढला असता. आणि खरं सांगू? मलाही रंग मारून दारात उभं राहायचं नव्हतं.

"आना दुसरी," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात पाट्यावर पुरण वाटण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. आत्याबाईंनी ऐकलं होतं. थोड्या वेळानं वरवंटा परत सुरू झाला.

मामाजींनी बोटं वाटीत बुडवली आणि लारीचा खांदा मळला, भोकाच्या कडेकडेनं, दुखेल म्हणून जपून. मग "आज..." म्हणाले आणि पुढं शब्दच येईनात. दोनदा सुरुवात केली. बाईनं आवतण द्यायची रीत नाही. पण मी पुढं झाले, त्या सडलेल्या पत्र्यापाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मी कोणाला म्हणत होते ते मामाजींना कळलं. ते तोंड फिरवून गोठ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळपासून आत्याबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता ही बाई मेल्यावरच माझ्याशी बोलेल. बैल तोरणाखालून जाऊन आले, ओवाळून झालं, पुरणपोळी खाऊन झाली. मग आत्याबाई स्वतः पान घेऊन बाहेर आल्या. पळसाच्या पत्रावळीवर दोन पोळ्या, कटाची आमटी, भजी. लारीपुढं पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. मी बोट बुडवून जिभेला लावलं, गोड पाणी होतं, झिऱ्याचं. ते आणायला पहाटे कधी गेल्या कोण जाणे. पोळीवर तूप वाढलं. थांबल्या. परत वाढलं. आणि मग तिसऱ्यांदा, वाटी सगळी उपडी केली.

"त्याले तूप लय लागते," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो. पानावर तूप थिजलं, मुंग्या यायला लागल्या. ऊन उतरलं. जेवायला कोणी आलं नाही.

शेवटी आत्याबाईंनीच ते पान उचललं आणि बैलापुढं ठेवलं. बैलानं दोन घासांत संपवलं. तेव्हा मी रडले, दोघांच्या देखत, मोठ्यानं, कागद आला त्या दिवशी रडायला पाहिजे होतं तशी.